एकतीस चित्रांची पाठ

८ मार्च, बुधवार

ताई,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं असतं ते मला येतं, तूच शिकवलं होतंस. पण पाच वर्षं एकमेकांना एक ओळ न लिहिलेल्या माणसांनी ते लिहिलं तर खोटं वाटेल, म्हणून सरळ सांगतो. काल कोर्टात माझं अक्षर अडतीस वर्षांपूर्वीचं म्हणून दाखवलं. मी चोवीस वर्षांचा आहे.

क्रमाने लिहितो, नाहीतर माझं मलाच कळणार नाही.

तुझ्या गणिताच्या बाईंनी कलादालनावर दावा लावला आहे. मोठ्या खोलीतली एकतीस चित्रं त्यांच्या आईने काढलेली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंचं म्हणणं असं, की आईने ती फक्त वर्षभर टांगायला दिली होती. त्याच वर्षात आई गेली. बाई मागायला आल्या की 'पुढच्या वर्षी बघू' असं उत्तर मिळायचं. तेव्हा कलादालन पाचसहा हौशी माणसांच्या मंडळाचं होतं. ती माणसं म्हातारी झाली, आपसात भांडली आणि शेवटी इमारतीसकट सगळं नगरपालिकेच्या गळ्यात पडलं. मधे एकाच्या पुतण्यांनी 'अर्धं कलादालन आमचं' असा फलक दारावर ठोकला होता, तो तुला आठवत असेल. बाबांनी तो उतरवून त्याचं स्टूल केलं. आता नगरपालिका म्हणते, भिंती आमच्या, खिळे आमचे, मग खिळ्यांवरची चित्रं कोणाची?

बाईंच्या आईने चित्रं दिली त्या वर्षाची नोंदवही सापडत नाही. त्यामुळे पुरावा एकच उरला, चित्रांच्या पाठीवरच्या फळ्यांना चिकटवलेली लेबलं. नमुन्यादाखल एक चित्र हजर करा असा हुकूम झाला. कलादालनाचा कारकून म्हणून ते न्यायचं काम माझं. खिडकीत बसून बूट पुसणारी बाई आहे ना, ते चित्र. दोन चादरींत गुंडाळून गाडीत मांडीवर धरून नेलं.

आपले वकील म्हणाले, "फिरव आणि उंच धर." मी धरलं. बूट पुसणाऱ्या बाईचं तोंड माझ्याकडे, पाठ न्यायाधीशांकडे. वकील वाचू लागले, "'हे चित्र कलादालनास कायमची देणगी म्हणून मिळाले असून त्यावर इतर कोणाचाही हक्क नाही.' साहेब, कागद पाहावा. तो त्याच काळातला आहे, असा तज्ज्ञांचा दाखला सोबत जोडला आहे. अडतीस वर्षं हे लेबल जागेवर आहे."

ते वाक्य मी एकतीस वेळा लिहिलं आहे. दोन लेबलं बिघडली, म्हणजे तेहतीस वेळा. पाच वर्षांपूर्वी, कचेरीतल्या खिडकीजवळच्या टेबलावर, नऊ दिवसांत. आमचे प्रमुख, म्हणजे मोजपट्टी साहेब, मला म्हणाले होते की जुनी लेबलं वाळवीने खाल्ली आहेत, मजकूर मी देतो, तू फक्त सुवाच्य नक्कल कर. एका जुन्या वहीची कोरी पानं त्यांनी स्वतः कापून दिली. "जुन्या चित्राला नवा कागद म्हणजे म्हाताऱ्याला झबलं," असं म्हणाले. मला ते इतकं आवडलं की घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा हसले नाहीत.

काल ते ऐकताच चौकट हातातून निसटू लागली. मागून शिपाई पुटपुटला, "अरे, बाई पडेल तुझी."

खरी बाई पुढच्या बाकावर होती. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि पाठीवरच्या त्या कागदाकडे बघत राहिल्या. "हे माझ्या आईचं अक्षर नाही," एवढंच म्हणाल्या.

आपले वकील म्हणाले, "असं कोणी म्हटलंही नाही. हे तेव्हाच्या कारकुनाचं अक्षर आहे. छान आहे, नाही का?"

ताई, ते छान आहे. मला तेवढंच एक नीट येतं.

पुढची तारीख चार एप्रिल. घरी मी काही बोललो नाही. तुझा पत्ता मामाकडून घेतला. त्याने का विचारतोस असं विचारलं नाही, यावरून काय ते समज.

तुझा भाऊ

१५ मार्च, बुधवार

ताई,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. खिडकीजवळचं टेबल असं मोघम लिहिलं. ते तुझं टेबल. तू नोकरी आणि घर सोडून गेलीस त्याच्या अकराव्या दिवशी मी तुझ्या खुर्चीत बसलो. तुला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे लाज वाटली. नववीतून शाळा सोडलेल्या मुलाला कचेरीत खुर्ची मिळाली होती. ती रिकामी का झाली हे मी विचारलं नाही. बाबा एवढंच म्हणायचे, "तिला फार शहाणपण आलंय." मी समजलो, लग्नावरून काहीतरी बिनसलं असेल.

सोमवारी मी मोजपट्टी साहेबांकडे गेलो. ते मोठ्या खोलीत एकटेच होते. सवयीप्रमाणे मोजपट्टी काढून जमिनीपासून चित्राच्या मध्यापर्यंतची उंची तपासत होते. मला बघून म्हणाले, "डावीकडचं दोन सूत खाली आलंय. धर जरा."

मी धरलं. धरल्या धरल्याच म्हणालो, "साहेब, कोर्टातलं ते लेबल मी लिहिलंय."

"तू नक्कल केलीस."

"कशाची? मूळ कुठे आहे?"

त्यांनी पट्टी सोडली. ती सर्रकन आत गेली. रागावले नाहीत, ताई. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "हे बघ, तेव्हा नगरपालिका नवं दालन बांधून द्यायला तयार होती. अट एकच, चित्रं आपल्या मालकीची आहेत असं दाखवा. या एकतीस चित्रांशिवाय दाखवायला आपल्याकडे आहे काय? दोन गलबतं आणि एक माजी नगराध्यक्ष."

"पण बाईंची आहेत ती."

"बाई राहतात दोन खोल्यांत. पलंगाखाली सरकवतील. इथे माणसं येऊन बघतात. मी एक तरी चित्र घरी नेलंय का?"

नेलेलं नाही, हे मला माहीत आहे.

मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं अक्षर मोत्यासारखं आहे. मोती कोणी रस्त्यात उधळत नाही. एक तारखेपासून तुला कायम करतोय. कागद तयार आहे, तूच लिहून काढ हवं तर. फक्त बहिणीसारखं करू नकोस."

"काय केलं तिने?"

त्यांना वाटलं होतं मला माहीत असेल. त्यांच्या चेहऱ्यावरून ते स्पष्ट दिसलं. म्हणाले, "तिनेही हेच विचारलं, मूळ कुठे आहे. फरक एवढाच, तिने लिहायच्या आधी विचारलं."

मी मागच्या जिन्यावर जाऊन बसलो.

म्हणजे तो लेबलांचा मजकूर आधी तुझ्या टेबलावर आला होता. तू नाही म्हणालीस, आणि तुला जावं लागलं. मग तोच मजकूर अकरा दिवसांनी माझ्यासमोर ठेवला. मी विचारलं, "साहेब, शाई निळी की काळी?" बाकी काही विचारलं नाही.

तुला हे ठाऊक होतं का? तुझ्या जागी मीच बसलो आणि मीच ते लिहिलं, हे? ठाऊक नसेल तर आत्ता कळलं. मला क्षमा कर असं लिहायला बसलो होतो, पण ते वाक्य कोणत्याही रीतीने लिहिलं तरी अर्जासारखं दिसतं.

बाबांना अजून विचारलेलं नाही. जुनी लेबलं काढायला चौकटी कोणीतरी उघडल्या असणार. आमच्याकडे चौकटी उघडणारा माणूस एकच आहे.

तुझा भाऊ

२३ मार्च, गुरुवार

ताई,

विचारलं.

बाबा घराच्या गॅलरीत पटाशीला धार लावत बसले होते. हातात हत्यार असलं की ते मान वर करत नाहीत, तुला माहीत आहे. म्हणून तीच वेळ निवडली.

"बाबा, त्या एकतीस चित्रांची जुनी लेबलं कुठे गेली?"

"कुठली लेबलं?"

"माझ्या आधीची."

पटाशी दगडावर फिरत राहिली. "साहेबांनी सांगितलं, मागच्या फळ्या सडल्यात. काढ, जाळ आणि नव्या घाल."

"त्यांवर काय लिहिलं होतं?"

"मी सुतार माणूस. मी लाकूड बघतो, लिहिलेलं बघत नाही."

"बाबा."

"वर्षभरासाठी दिलं आहे, असं लिहिलं होतं." हे ते इतकं हळू म्हणाले, की मला पुन्हा विचारावं लागलं. मग एकदम चिडले. "झालं समाधान? हो, उसनं दिलं होतं. एकतिसांच्या एकतीस. सगळ्यांवर तेच, त्या म्हातारीच्या हातचं, खाली सही."

"आणि तुम्ही ते जाळलं."

पटाशी थांबली. "नाही."

"मग?"

"उलट्या केल्या फळ्या. बाहेरची बाजू आत, आतली बाहेर. कोऱ्या बाजूवर तुझे कागद चिकटवले. चांगलं लाकूड जाळायला मला काय वेड लागलंय?"

ताई, त्या चौकटींवरची धूळ मी दर सोमवारी मऊ फडक्याने पुसतो. पाच वर्षं पुसतोय. आणि प्रत्येक चौकटीत, कापडाच्या पाठीला लागून, बाईंच्या आईचं अक्षर तोंड आत करून बसलेलं आहे. बाहेर माझं, आत त्यांचं. मधे एका फळीची जाडी.

मी म्हणालो, "मग हे कोर्टात सांगायला हवं."

तेव्हा बाबांनी मान वर केली. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही ते घाबरलेले नव्हते, नुसते गप्प होते. म्हणाले, "सांग. साहेब हात वर करतील. कागदावर त्यांची कुठे सही आहे? अक्षर तुझं, खिळे माझे. आत जाऊ ते आपण दोघं. एकोणतीस वर्षं या हातांनी चित्रं सांभाळली, निवृत्तीला दोन वर्षं राहिली, आणि आता पोटच्या पोराने बेड्या घालायच्या."

"ताईला याच्यासाठी घालवलंत?"

"मी घालवलं नाही. ती गेली."

"'चालती हो' कोण म्हणालं मग?" हे मी अंदाजाने म्हणालो. ते उठून आत गेले. पटाशी तशीच दगडावर. बाबांनी हत्यार उघडं टाकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर घरात आम्ही एकमेकांशी फक्त वस्तूंविषयी बोलतो. किल्ली. दिवा. दूध आलं का.

बोललो तर बाबा जातात. गप्प राहिलो तर बाईंची चित्रं कायमची जातात, तीही माझ्या अक्षराने. मी कागदावर दोन रकाने आखून दोन्ही बाजू लिहून काढल्या. अक्षर चांगलं आलं, उत्तर आलं नाही. दोन पत्रं पाठवली, तुझं एक अक्षर नाही. निदान हो किंवा नाही एवढं तरी लिही. तू मोठी आहेस.

तुझा भाऊ

८ एप्रिल, शनिवार

ताई,

तुझं कार्ड तीन तारखेला मिळालं. 'तू काय ठरवलंस?' मी ते उलटून पाहिलं, पत्त्याच्या बाजूला आणखी काही लिहिलंय का बघितलं. नव्हतं. आधी फार राग आला. बुडणाऱ्याला विचारावं, पाणी गार आहे का, तसं वाटलं. मग रस्त्याने जाताना लक्षात आलं, की पाच वर्षांत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. कोणती शाई हवी, एवढंच विचारत होतो मी लोकांना.

चार तारखेला चित्र घेऊन मीच गेलो. बाबा वेगळे आले आणि शेवटच्या बाकावर बसले. माझ्याकडे बघितलं नाही. मोजपट्टी साहेब पुढे, वकिलांच्या शेजारी.

वकील म्हणाले, "फिरव." मी फिरवलं. त्यांनी वाचायला सुरुवात केली, 'हे चित्र कलादालनास' इथवर आले, आणि पुढचं मी म्हणालो. पाठ होतं. चित्राआडूनच म्हणालो, त्यामुळे आधी कोणाला कळलंच नाही आवाज कुठून येतोय.

न्यायाधीश म्हणाले, "कोण बोलतंय?"

"मी. चित्र धरणारा. साहेब, हे मी लिहिलंय. पाच वर्षांपूर्वी."

थोडे लोक हसले. आमचे वकीलही हसले. "साहेब, मुलगा घाबरलाय. अर्धवट शिकलेला आहे."

बाईंचे वकील तोपर्यंत उठून उभे राहिले होते. म्हणाले, याला शपथ द्या. न्यायाधीशांनी मला पिंजऱ्यात बोलावलं, चित्र टेबलावर आडवं ठेवायला लावलं आणि कोरा कागद दिला. म्हणाले, "तेच वाक्य लिही. सावकाश." मोजपट्टी साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. वाकडं लिहिता आलं असतं, ताई. डाव्या हाताने, घाईने, कसंही. मी नेहमीसारखं लिहिलं. ओळ सरळ आली.

न्यायाधीशांनी कागद लेबलाशेजारी ठेवला. एकेक अक्षर दोन्हीकडे जुळवून पाहिलं. मग ते म्हणाले, "आणि मूळ लेबल?"

आता बाबांकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. बघितलं. ते चपलांकडे बघत होते. मी म्हणालो, "याच फळीच्या आतल्या बाजूला."

साहेबांचा चेहरा असा झाला की मी तो विसरणार नाही. त्यांनाही माहीत नव्हतं. पाच वर्षं ते जाळल्याच्या भरवशावर होते.

न्यायाधीश म्हणाले, उघडा. शिपाई कुठूनतरी भली मोठी पक्कड आणि कपाटं उघडायचा पेचकस घेऊन आला. चौकटीत घालून जोर लावणार, तोच मागून आवाज आला, "हात लावू नको."

बाबा होते. बाकांमधून वाट काढत पुढे आले. न्यायाधीशांना नमस्कार नाही, काही नाही. शिपायाला म्हणाले, "माठ आहेस का? कापड फाटेल. खिळे आतून वळवलेत." आणि खिशातून स्वतःची बारीक पक्कड काढली. ती त्यांनी सोबत आणली होती. म्हणजे काय, ते मी अजून विचारतोय स्वतःला.

"तुम्ही कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"फळ्या उलट्या करणारा," बाबा म्हणाले. "याचा बाप."

चौदा खिळे होते. एकेक काढून त्यांनी हातरुमालावर ओळीने ठेवला. फळी उचलली, फिरवली. कागद पिवळा पडला होता, पण अक्षर स्वच्छ. बाईंनी उभं राहून वाचलं, कोणी वाचा असं म्हणायच्या आधीच. "'वर्षभर टांगण्यासाठी दिले आहे. देणगी नाही. परत न्यायला मी किंवा माझी मुलगी येऊ.'" मग खाली बसल्या. शाळेत त्यांच्यासमोर कोणाची मान वर करायची हिंमत नव्हती, त्या बाई दोन्ही हातांनी बाक धरून बसल्या होत्या.

साहेबांनी फळ्या जाळायला सांगितल्याचंही बाबांनी सांगून टाकलं. न्यायाधीशांनी विचारलं, "जाळायला सांगितलं होतं, तर ठेवल्या का?"

"लाकूड चांगलं होतं."

बाकीच्या तीस चौकटी कोर्टाच्या माणसासमोर उघडायच्या असं ठरलं. कोण उघडणार असा प्रश्न आला तेव्हा आमच्या वकिलांनी लगेच सांगितलं, की या माणसाला चित्रांजवळ फिरकू देऊ नये. बाई म्हणाल्या, "उघडतील तर हेच. दुसऱ्या कोणाचा हात माझ्या आईच्या चित्रांना लागायला नको." बाबांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे.

साहेबांना घरी बसवलं आहे. आम्हा दोघांचे जबाब झाले. गाव सोडून जायचं नाही असं लिहून घेतलं. बाबांच्या निवृत्तिवेतनाचं काय होईल ते माहीत नाही, आमचं काय होईल तेही माहीत नाही. बाईंचे वकील म्हणतात, स्वतःहून सांगितलं ते जमेला धरतील. धरतील म्हणजे किती, ते सांगत नाहीत.

काल आणि आज मोठ्या खोलीत काम चाललं. कोर्टाचा माणूस खुर्चीत बसून आकडे लिहीत होता. बाबा खिळे काढायचे, मी फळी उचलून उलटी ठेवायचो. प्रत्येकीवर तेच वाक्य, तीच सही. बाविसावी फळी मी हातात घेतली तर ती वाकलेली, एका बाजूला पोखरलेली. नीट पाहिलं, आधीच्याही तशाच होत्या.

मी म्हणालो, "बाबा, हे चांगलं लाकूड आहे?"

"कुठलं चांगलं? खोक्याचं लाकूड आहे. पहिल्याच दिवशी फेकायला हवं होतं."

"मग ठेवलंत का?"

त्यांनी पुढची चौकट ओढून घेतली. दोन खिळे काढले. मग चौकटीकडेच बघत म्हणाले, "जाताना ती दारात उभी राहून म्हणाली, बाबा, नवं कोणाकडूनही लिहून घ्या, पण जुनं जाळू नका. मी म्हटलं, तू चालती हो. ती गेली. दुसऱ्या दिवशी इथे येऊन काड्यापेटी काढली." तिसरा खिळा निघत नव्हता, तो निघेपर्यंत थांबले. "मग उलट्या करत बसलो."

हे तुला ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम वेगळं लिहितोय. तू सांगितलेली एक गोष्ट त्यांनी ऐकली होती. तुला मात्र सांगितलं नाही.

शेवटची चौकट चार वाजता उघडली. कोर्टाचा माणूस सही घेऊन गेला. भिंतीवर नुसते खिळे राहिले. बाबा हत्यारं पुसत होते. म्हणाले, "तिला लिहितोस ना तू?"

"हो." मला वाटलं होतं त्यांना माहीत नाही.

"मग लिही. मोजून एकतीस. एकही जाळली नाही म्हणावं."